बार्कर डॅमची पायवाट : पाणी असो वा नसो

कॅलिफोर्नियातील जोशुआ ट्री राष्ट्रीय उद्यानात बार्कर डॅम नावाच्या एका जुन्या बंधाऱ्याकडे जाणारी वर्तुळाकार पायवाट आहे. तिची लांबी १.१ मैल, म्हणजे पावणेदोन किलोमीटरच्या आसपास, आणि चढ अवघा ५० फुटांचा आहे. एवढ्याशा वाटेचे स्वतंत्र परीक्षण लिहिण्याचे कारण असे, की दक्षिण कॅलिफोर्नियात मुलाबाळांकडे काही महिने राहायला जाणारी मंडळी आता ठाण्यात पुष्कळ आहेत आणि त्यांच्यापर्यंत या ठिकाणाची जी माहिती पोहोचते, ती बहुधा अर्धवट असते. ‘गेलो होतो, पण धरणात पाणीच नव्हते’ हा अभिप्राय तर उपवन तलावाकाठच्या सकाळच्या फेरीत इतक्या वेळा कानावर आला आहे, की जणू त्या एकाच निकषावर या वाटेची किंमत ठरावी. माझे मत नेमके उलट आहे. पाटबंधारे विभागात नोकरी केलेल्या माणसाला भरलेल्या जलाशयापेक्षा रिकामा जलाशय अधिक काही सांगतो, आणि थोडी पूर्वमाहिती असेल तर तो इतरांनाही सांगेल. पाणी असताना आणि तळ उघडा पडलेला असताना, अशा दोन्ही स्थितींत मी ही वाट चाललो आहे. मुलगी लॉस एंजेलिसजवळ राहत असल्यामुळे ते शक्य झाले. दोन्ही वेळा समाधान सारखेच होते, फक्त त्याची कारणे वेगळी होती.

आधी अपेक्षेविषयी लिहितो, कारण निराशेचे मूळ तिथेच आहे. आपल्याकडे सहलीतले पाणी म्हणजे भिजण्याचे पाणी. पावसाळा सुरू झाला की येऊरच्या ओढ्यांकडे आणि खारघरच्या पांडवकड्याकडे अशी रीघ लागते, की अपघात टाळण्यासाठी प्रशासनाला बंदीचे आदेश काढावे लागतात. ठाण्यात वर्षाकाठी सरासरी अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. जोशुआ ट्रीच्या परिसरात वर्षभरात मिळून साधारण चार-पाच इंच, म्हणजे शंभर-सव्वाशे मिलिमीटर पडला तरी पुरे. आपल्या जुलै महिन्यातला एखादा जोरदार दिवस तेवढा पाऊस एकट्याने देऊन जातो. अशा प्रदेशात पाणी दिसणे हा अपवाद असतो, आणि जे दिसते ते माणसाने पोहण्यासाठी नसून जनावराने पिण्यासाठी असते, हे मनात ठरवूनच गाडीतून उतरले पाहिजे. पाण्यात उतरायला, पोहायला किंवा पाय बुडवून बसायलाही तिथे मनाई आहे.

दुसरा गैरसमज पर्यटन कंपन्या निर्माण करतात. ठाण्यातील एका कंपनीने आमच्या परिचितांना या उद्यानाचा केवळ ‘फोटो थांबा’ दिला होता. बसमधून उतरायचे, एका झाडापुढे उभे राहून छायाचित्र काढायचे आणि पुन्हा बसमध्ये चढायचे. असे पाहायचे असेल तर उद्यान न पाहिलेले बरे. सुमारे आठ लाख एकरांचा हा प्रदेश आहे, त्यात दोन वेगवेगळी वाळवंटे एकमेकांना भिडतात, उंचावरचे मोहावे आणि सखल भागातले कोलोरॅडो, आणि हा सगळा पसारा रस्त्यावरून कळत नाही. बार्कर डॅमची वाट ही त्यातली मला सर्वांत सोयीची वाटलेली पायवाट, कारण तिच्या तासा-सव्वातासात खडक, पाणी, झाडे, गुराख्यांचा इतिहास आणि आदिवासींच्या खुणा हे सगळे एका ओळीत येते.

लॉस एंजेलिसहून अंतर सुमारे १४० मैल आहे. दहा क्रमांकाच्या महामार्गाने पूर्वेला जाऊन पुढे ६२ क्रमांकाच्या रस्त्याने जोशुआ ट्री गावाकडे वळायचे आणि पश्चिमेच्या प्रवेशद्वारातून आत शिरायचे. तिथून वाहनतळापर्यंत साधारण अर्धा तास लागतो, पण तो अर्धा तास वाया जात नाही, कारण खडकांच्या राशी रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी एकेक करून वाढत जातात. प्रवेशशुल्क माणशी नाही, गाडीमागे आहे. ३० डॉलर भरले की ती पावती ७ दिवस चालते. त्यामुळे मुलगी-जावई, नातवंडे आणि आपण दोघे अशा एका गाडीचा हिशेब मुळीच महाग पडत नाही. मनातल्या मनात प्रत्येक डॉलरचे रुपये करण्याची आपली जी सवय असते, ती निदान इथे तरी आवरता येते.

आता खडकांविषयी. सह्याद्री पाहत वाढलेल्या डोळ्यांना हे खडक पहिल्या भेटीत खोटे वाटतात. आपले डोंगर लाव्ह्याच्या थरांचे आहेत. एकावर एक आडवे थर, काळाकभिन्न बेसॉल्ट, सरळ कडा आणि माथ्यावर पठार, अशी त्यांची शिस्त आहे. पारसिकचा डोंगर घ्या किंवा माहुली घ्या, घडण तीच. इथे मात्र फिकट, तांबूस-पिवळसर, गोलसर कडांचे प्रचंड धोंडे एकमेकांवर असे टेकलेले आहेत, की कोणीतरी यंत्राने आणून रचले असावेत, अशी शंका यावी. हा मॉन्झोग्रॅनाइट आहे. दहा कोटी वर्षांपेक्षाही आधी जमिनीच्या पोटात खोलवर शिलारस थंड होत गेला आणि सावकाश थंड झाल्यामुळे त्यात डोळ्यांना सहज दिसतील एवढे मोठे स्फटिक तयार झाले. बोट लावून पाहिले तर काचेसारखा क्वार्ट्झ, दुधाळ फेल्डस्पार आणि अभ्रकाचे काळे ठिपके वेगवेगळे ओळखता येतात. आपला बेसॉल्ट पृष्ठभागावर येऊन झपाट्याने थंड झाला, म्हणून त्याचे कण इतके बारीक, की साध्या डोळ्यांना तो एकरंगी दिसतो.

धोंड्यांना गोलाई कशी आली, हा प्रश्न नातवंडेही विचारतात, आणि त्याचे उत्तर वाटेवरच मिळते. वरचा भार हळूहळू झिजून कमी होत गेला तसा या खडकाला भेगा पडल्या; काही आडव्या, काही उभ्या, आणि त्यांनी अखंड खडकाचे चौकोनी ठोकळे केले. हवामान आजच्यापेक्षा ओले होते त्या काळात भूजल या भेगांतून झिरपत राहिले. पाणी ठोकळ्याच्या सपाट बाजूला एका दिशेने खाते, कडेला दोन दिशांनी आणि कोपऱ्याला तीन दिशांनी, त्यामुळे कोपरे आधी कुजले आणि जमिनीखालीच ठोकळ्यांचे गोटे झाले. पुढे प्रदेश कोरडा होत गेला, अचानक येणाऱ्या पुरांनी मधली भुसभुशीत माती वाहून नेली आणि गोटे होते त्या जागी एकमेकांवर बसले. म्हणजे जे रचलेले दिसते ते खरे तर उघडे पडलेले आहे. आपल्या घाटरस्त्यांच्या तासलेल्या बाजूंवरही बेसॉल्टचे असे पापुद्रे सुटलेले गोटे दिसतात, पण आपण तिथे गाडी थांबवून पाहत नाही, आणि थांबवणे सुरक्षितही नसते. बार्कर डॅमच्या उत्तरेला अशा खडकांचा जो सलग प्रदेश पसरला आहे, त्याला ‘वंडरलँड ऑफ रॉक्स’ म्हणतात. नाव जाहिरातीसारखे असले तरी त्यात फारशी अतिशयोक्ती नाही.

वाट या धोंड्यांच्या मधून शिरते, काही ठिकाणी अंग थोडे आवरून चालावे लागते, आणि मग एकाएकी समोर खोलगट, खडकांनी वेढलेली जागा येते. हाच जलाशय. पाणी असेल तर त्यात समोरच्या शिळांची प्रतिबिंबे असतात आणि काठावर छायाचित्रकारांची गर्दी; पाणी नसेल तर भेगाळलेला गाळ, सुकलेले गवत आणि खडकांवर जुन्या पातळ्यांच्या खुणा दिसतात. बहुतेक लोक या दुसऱ्या स्थितीत दोन मिनिटे उभे राहून परत फिरतात. इथेच थांबावे, असा माझा आग्रह आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या भागात गुरे चारणारे लोक आले. गवत होते, पण पाण्याची खात्री नव्हती. रानमेंढ्या जिथे पाणी प्यायला येत, अशी खडकातली ही नैसर्गिक खोलगट जागा त्यांनी हेरली आणि १९०० च्या सुमारास सी. ओ. बार्कर आणि त्याच्या सोबतच्या पशुपालकांनी तिच्या तोंडाशी बंधारा घातला. त्याची उंची पुढे १९४९-५० मध्ये विल्यम कीज या रहिवाशाने कुटुंबाच्या मदतीने वाढवली, आणि त्याने दिलेले ‘बिग हॉर्न डॅम’ हे नाव कुटुंबीयांच्या नावांसह बंधाऱ्यावर कोरलेले आहे. हा कीज मोठा विलक्षण माणूस. १९१० च्या सुमारास तो या भागात आला, खाणीची राखण केली, गुरे पाळली, शेती केली, बंधारे बांधले, आणि रस्त्याच्या वापरावरून शेजाऱ्याशी वाद विकोपाला गेला तेव्हा १९४३ मध्ये झालेल्या गोळीबारात शेजारी ठार झाल्यामुळे तुरुंगातही गेला. आपण स्वसंरक्षणासाठी गोळी झाडली, असे त्याचे म्हणणे होते. काही वर्षांनी सुटून आला आणि पहिल्या मोठ्या कामांपैकी एक म्हणून त्याने हा बंधारा वाढवायला घेतला. १९५६ मध्ये त्याला शासनाकडून माफी मिळाली. ठाण्या-रायगडातही बांधावरून आणि वहिवाटीच्या रस्त्यावरून दिवाणी दावे दोन-दोन पिढ्या चालतात, तेव्हा या गोष्टीचा पहिला भाग आपल्याला परका वाटू नये.

आता बांधकामाविषयी. जागेची निवड उत्तम आहे. दोन बाजूंना भक्कम खडक, मधली घळ अरुंद, त्यामुळे भिंत लहान आणि तिच्यामागे साठवण मात्र त्या मानाने बरीच. आपल्या मापाने हा गावपातळीवरचा बंधारा होय, भातसा किंवा बारवीसारखे धरण डोळ्यांपुढे आणू नये. खरे वैशिष्ट्य पाणलोट क्षेत्रात आहे. आपल्याकडे जूनमधला पहिला पाऊस तापलेली जमीन पिऊन टाकते आणि ओढे वाहू लागण्यासाठी बरेच दिवस जावे लागतात. इथे पाणलोटाचा मोठा भाग म्हणजे उघडा खडक. त्यावर पडलेला पाऊस जिरण्याऐवजी बव्हंशी लगेच वाहतो, म्हणून वर्षाला चार-पाच इंच पावसाच्या प्रदेशातही दोन-तीन चांगल्या सरी जलाशयात पाणी आणू शकतात. हेच गणित उलटही लागू पडते. साठा उथळ आणि उघडा, हवा कमालीची कोरडी, त्यात वाहून येणारी भरड वाळू आणि गाळ दर पावसागणिक साठवण कमी करणार, आणि उन्हाळ्यातले बाष्पीभवन तर आवकेला हिशेबातही धरत नाही. म्हणून हिवाळी पावसानंतर, किंवा उन्हाळ्याच्या उत्तरार्धातल्या गडगडाटी वादळांनंतर पाणी दिसण्याची शक्यता जास्त, आणि पावसाने दगा दिलेल्या वर्षी ती जवळपास शून्य. रिकाम्या जलाशयाच्या काठी उभे राहून खडकांवरच्या खुणा पाहिल्या, की पाणी कुठवर चढत असे, आता गाळ कुठवर आला आहे आणि सांडवा कुठून जाणार, हे सगळे पाहता येते. पाणी असेल तेव्हा यातले निम्मे झाकलेले असते.

बंधाऱ्याच्या खालच्या अंगाला गुरांसाठी बांधलेली एक गोल हौदी आहे, तिच्याकडे लोकांचे सहसा लक्ष जात नाही. गुरे थेट जलाशयात उतरली तर काठ तुडवतात आणि पाणी घाण करतात. म्हणून पाणी खाली आणून हौदीत द्यायचे, ही साधी, शहाणी व्यवस्था आहे.

ठाणेकरांना याची तुलना करायची असेल तर ती आपल्याच राष्ट्रीय उद्यानातील कान्हेरीशी करावी. तिथे शंभरावर लेण्यांच्या समूहात जागोजागी खडकात कोरलेली टाकी आहेत, आणि छतावरून, पायऱ्यांच्या कडेने खोदलेल्या पन्हळींमधून पावसाचे पाणी त्यांत उतरवले आहे. पाऊस चार महिने भरपूर आणि आठ महिने नाही, हे ओळखून भिक्षूंनी पाणी खडकाच्या पोटात, सावलीत, लहान तोंडाच्या टाक्यांत ठेवले, म्हणजे बाष्पीभवन कमी. बार्करच्या गुराख्यांना टाकी खोदण्याइतका वेळ आणि माणसे नव्हती. त्यांनी उघड्या जागी भिंत घातली आणि सूर्याला त्याचा वाटा देऊन टाकला. तंत्र म्हणून कान्हेरीची व्यवस्था कितीतरी प्रगत आहे, हे मी अभिमानापोटी नव्हे तर अभियंता म्हणून लिहितो. मात्र तिकडच्या या लहानशा बांधकामाला १९७५ पासून राष्ट्रीय ऐतिहासिक नोंदीत स्थान आहे. आपल्याकडे गुरांसाठी बांधलेल्या जुन्या हौद्या आणि बंधारे अनेक गावांत आहेत. त्यांची नोंद कोण ठेवतो?

पाण्याचे आजचे धनी माणसे नाहीत. मोठ्या वळणदार शिंगांच्या रानमेंढ्या या परिसरात आहेत, पण दिसतीलच असे नाही. पहाटे किंवा संध्याकाळी शांत बसणाऱ्याला संधी अधिक. स्थलांतर करणारे पक्षी पाणी असताना इथे उतरतात. वाळवंटी डबक्यांत परीकोळंबीसारखे चिमुकले जीव असतात, ज्यांची अंडी कोरड्या मातीत दीर्घकाळ टिकतात आणि पाणी मिळताच फुटतात. कोकणातल्या कातळसड्यांवरच्या पावसाळी डबक्यांतही या जीवांचे नातेवाईक सापडतात, हे सांगितले की नातवंडांचा त्या कोरड्या गाळाकडे पाहण्याचा दृष्टिकोनच बदलतो. काठाची माती विनाकारण न तुडवण्याचे आणि आखलेली वाट न सोडण्याचे हेही एक कारण आहे. वाटेबाहेरच्या मातीवर सूक्ष्म जीवांची जी काळपट खपली असते, ती पावलाने एकदा मोडली की भरून यायला वर्षानुवर्षे लागतात.

झाडांमध्ये अर्थातच जोशुआ ट्री पहिले. हा युक्का आहे, घायपाताच्या कुळातला, आणि त्याच्या खोडात वर्षावलये नसल्यामुळे वय मोजणे अवघड जाते. त्याचे परागीभवन एक विशिष्ट पतंग करतो, आणि त्या पतंगाच्या अळ्या याच झाडाच्या काही बिया खाऊन वाढतात. दोघांचे एकमेकांवाचून चालत नाही. फुलांचा काळ सर्वसाधारणपणे फेब्रुवारी ते एप्रिल. मला मात्र जास्त गंमत वाटली ती कॅटक्लॉ नावाच्या काटेरी झुडपाची. ते आपल्या खैराचे सख्खे भावंड आहे, दोघांची वंशजात एकच, सेनेगॅलिया. आणि मांजराच्या नखांसारख्या त्याच्या आकड्या काट्यांत सदऱ्याची बाही अडकली, की येऊरच्या जंगलाची आठवण हमखास होते. बंधाऱ्याच्या आसपास खुजे ओक, जुनिपर आणि पिन्यॉन पाइनही आहेत, कारण ही जागा समुद्रसपाटीपासून साधारण १३०० मीटर उंचीवर आहे. महाबळेश्वरच्या जवळपास जाणाऱ्या या उंचीचा विसर पडू देऊ नये. डिसेंबर-जानेवारीत सकाळी तिथे शून्याच्या आसपास थंडी असते आणि ‘वाळवंटात जातोय’ म्हणून पातळ कपड्यांत गेलेली माणसे गाडीतच बसून राहतात.

परतीच्या टप्प्यात एका मोठ्या शिळेच्या पोकळीत शिलाचित्रे आहेत. सेरानो, काहुइया, चेमेहुएवी अशा लोकसमूहांचा या प्रदेशाशी फार जुना संबंध आहे. या चित्रांवर पुढे कधीतरी चित्रीकरणात ठळक दिसावीत म्हणून रंग चढवण्यात आला, आणि आज दिसतात ते लाल-पांढरे गडद आकार त्या रंगाचे आहेत. मूळ खोदकाम त्याखाली दबले गेले. पाहणाऱ्याला हे माहीत नसेल तर तो या भडक रंगांचेच कौतुक करून पुढे जाईल, म्हणून मुद्दाम लिहितो. किल्ल्यांच्या बुरुजांवर ऑइलपेंटने नावे लिहिणारे आपले वीर आठवून मला तिथे शरमल्यासारखे झाले, पण इथे नुकसान करणाऱ्यांचा हेतू चित्र ‘सुधारण्याचा’ होता, हे अधिक अस्वस्थ करणारे आहे.

चालण्याच्या दृष्टीने वाट सोपी आहे. माझ्या पत्नीला गुडघ्यांचा त्रास असूनही तिने ती काठीच्या आधाराने, कोठेही घाई न करता पूर्ण केली. तिचे मत असे, की तलावपाळीला चार फेऱ्या मारणाऱ्या कोणालाही ही जमेल, मात्र धोंड्यांमधल्या काही उंच-सखल पायऱ्यांवर हात द्यायला सोबत कोणीतरी हवे. चाकाची खुर्ची घेऊन पूर्ण वर्तुळ करणे व्यवहार्य नाही. कोरड्या ग्रॅनाइटवर पावलाची पकड फार चांगली बसते. आपल्याकडच्या शेवाळलेल्या बेसॉल्टची भीती इथे नाही. धोका वेगळाच आहे. झिजलेल्या ग्रॅनाइटची भरड वाळू उतरत्या खडकावर पसरलेली असते, आणि फरशीवर ज्वारीचे दाणे सांडलेले असावेत तसा त्यावरून पाय घसरतो. म्हणून चपला किंवा गुळगुळीत तळव्यांचे बूट नकोत. महागडे ट्रेकिंगचे बूट मात्र आवश्यक नाहीत. गोखले रोडवर मिळणारे, खोल खाचांचे, घोट्याला आधार देणारे साधे बूट पुरतात. बंधाऱ्यानंतरच्या सपाटीवर वाट वाळूत काही ठिकाणी फुटते आणि इतरांच्या पाऊलखुणांनी फसायला होते, तेव्हा फलक पाहत चालावे.

पाण्याविषयी सर्वांत कडक सूचना. उद्यानाच्या या अंतर्भागात पिण्याचे पाणी मिळत नाही, खाण्याचे दुकान नाही आणि मोबाइलचे नेटवर्क बहुतेक ठिकाणी नाही. माणशी दिवसाला किमान एक गॅलन, म्हणजे पावणेचार लिटर पाणी बाळगा, असे उद्यानाचे सांगणे आहे. पावणेदोन किलोमीटरसाठी एवढे कशाला, हा प्रश्न स्वाभाविक वाटतो. पण ठाण्यात घाम अंगावर राहतो आणि आपण थकतो आहोत हे तोच सांगतो, तर तिथल्या कोरड्या हवेत घाम दिसण्याआधीच उडून जातो आणि शरीरातले पाणी कमी होत असल्याची जाणीव डोके दुखू लागेपर्यंत होत नाही. रक्तदाबाच्या आणि लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी आधी डॉक्टरांशी बोलून घ्यावे. नकाशा मोबाइलवर आधीच उतरवून ठेवावा किंवा प्रवेशद्वारापाशी मिळणारा छापील नकाशा खिशात ठेवावा. जाण्याचा काळ ऑक्टोबर ते मे. उन्हाळ्यात पारा ३८ अंश सेल्सियसच्या वर सहज जातो, आणि सावली म्हणजे धोंड्याची जी काय पडेल तेवढीच.

सोयींच्या बाबतीत मोजके पण पुरेसे आहे. वाहनतळापाशी स्वच्छतागृह आहे. ते कोरड्या पद्धतीचे, म्हणजे पाणी नसलेले, तेव्हा पाण्याची बाटली आणि हात स्वच्छ करण्याचे द्रव सोबत असू द्यावे. वाटेवर माहितीफलक आहेत. मुलांसाठी ‘ज्युनिअर रेंजर’ ही योजना उत्तम आहे: विनामूल्य पुस्तिका घ्यायची, त्यातली कामे वाट चालता चालता करायची आणि रेंजरला दाखवून बिल्ला मिळवायचा. कंटाळलेल्या नातवाला पायवाटेवर आणण्याचा याहून चांगला उपाय मला माहीत नाही. त्रुटी एकच आणि ती गंभीर: वाहनतळ लहान आणि पर्यटक अफाट. वर्षाला तीस लाखांच्या घरात माणसे या उद्यानात येतात आणि त्यांतील पुष्कळांना हीच सोपी वाट हवी असते. वसंतातल्या शनिवार-रविवारी दुपारी गेल्यास चालण्यापेक्षा गाडी लावण्यातच अधिक वेळ जाईल. आठवड्याच्या मधल्या दिवशी, सकाळी आठच्या आत पोहोचावे. खडकांवरचे तिरपे ऊन तेव्हाच चांगले असते. कुत्र्यांना पायवाटांवर परवानगी नाही, ड्रोनलाही नाही, त्यामुळे शांतता बऱ्यापैकी टिकते.

हे सगळे आज जागेवर आहे, याचे बरेच श्रेय पासाडेनाच्या मिनर्व्हा हॉइट या बाईंना जाते. शहरातल्या बागा सजवण्यासाठी लोक वाळवंटातली झाडे उपटून नेत, ते पाहून त्यांनी पाठपुरावा केला आणि १९३६ मध्ये या प्रदेशाला राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा मिळाला. राष्ट्रीय उद्यान तो १९९४ मध्ये झाला.

पाचपैकी गुण द्यायचे तर मी चार देईन, आणि कापलेला एक गुण पाण्यासाठी नाही, वाहनतळासाठी आहे. ज्यांना दिवसभराची दमछाक हवी, हरिश्चंद्रगड किंवा कळसूबाई करणाऱ्या अशा मंडळींना ही वाट अपुरी वाटेल. त्यांनी रायन माउंटनचा चढ धरावा आणि बार्कर डॅम संध्याकाळसाठी ठेवावा. इतरांनी जोडीला जवळचीच हिडन व्हॅलीची एक मैलाची फेरी घ्यावी, जिथे चोरलेली गुरे लपवली जात असे सांगतात. उद्यान रात्रीही खुले असते आणि २०१७ पासून त्याला आंतरराष्ट्रीय ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून मान्यता आहे, तेव्हा अमावस्येच्या आसपास गेल्यास अंधार पडेपर्यंत थांबावे. ठाण्याच्या आकाशात न दिसणारी आकाशगंगा तिथे दुर्बिणीशिवाय दिसते. कीजचे राहते घर आणि वाडी पाहायची असेल तर ती फक्त रेंजरसोबतच्या फेरीत, हंगामात आणि वेगळे तिकीट काढून पाहता येते. जागा मर्यादित असतात, म्हणून मुलांना ते आरक्षण विमानाच्या तिकिटांबरोबरच करायला सांगावे.